दारावरची थाप

शोरूममधल्या विक्रेत्याने गाडीच्या दारावर तळहाताने थाप मारली आणि म्हणाला, "एकदम सेफ आहे, सर!" तो माझ्या नवऱ्याशी बोलत होता. मी काठी टेकून शेजारीच उभी होते.

त्या थापेने माझं डोकं तडकलं. आठ महिन्यांपूर्वी असंच एक दार कापून मला बाहेर काढलं होतं. डाव्या मांडीत आता सळई आहे आणि गुडघा अर्धाच वाकतो. ज्यांच्या अंगावर कधी पत्रा चेपत आला नाही, त्यांच्याच तोंडी 'सेफ' हा शब्द इतका गुळगुळीत का असतो?

"मॅडम, बसून तर बघा," म्हणत त्याने न विचारता माझं कोपर धरलं.

"हात काढा," मी म्हटलं.

मी एकेका गाडीत बसले, उतरले. काहींची सीट इतकी खोल होती की उठताना डोळ्यांत पाणी आलं. नवरा एअरबॅग मोजत होता. अपघाताच्या वेळी गाडी तोच चालवत होता, एका हातात फोन धरून. त्याला खरचटलंही नव्हतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. एअरबॅग किती हव्यात हे तो कळकळीने सांगत होता, आणि मला त्याच्या चालवण्याचीच भीती वाटत होती.

शेवटी उंच सीटच्या, क्लच नसलेल्या एका गाडीत मी न कण्हता बसले. स्टिअरिंगपुढे.

"हीच घेऊ या."

"पण चालवणार मीच ना?" त्याने विचारलं.

"नाही. तू मागे बसायचंस. फोन खुशाल बघ."