खालच्या कप्प्यातली कांडी

माझे धाकटे दीर होकायंत्रं दुरुस्त करायचे, असं लोक सांगतात. ते चूक आहे. होकायंत्र बिघडलेलं नसतंच. घोळ घालते ती बोट, म्हणजे तिच्यातलं लोखंड. इंजिन, नांगराची साखळी, पाण्याची टाकी, सगळं सुईला आपापल्या बाजूला ओढत असतं आणि बिचारी सुई उत्तर सोडून भलतीकडेच पाहत बसते. मग होकायंत्राच्या खांबाच्या खालच्या कप्प्यात लोहचुंबकाच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या अशा बेताने घालायच्या, की लोखंडाची ओढ आणि कांड्यांची ओढ एकमेकींना खाऊन टाकतील. एवढं करून जी थोडी चूक उरते, ती कुठल्या दिशेला किती याचा तक्ता करून सुकाणूशेजारी लावायचा. हे भाऊजींचं काम. बंदरात त्यांना सुईमास्तर म्हणत. समजलं असेल तर पुढे जाऊ. मला एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा आहे.

त्यांना व्हायचं होतं जहाजावरचा अधिकारी. अभ्यासात हुशार, पोहण्यात पटाईत, सगळं होतं. पण जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा, आणि समोरचं जहाज कोणीकडे चाललंय ते अंधारात त्या दिव्यांवरूनच ओळखायचं असतं. भाऊजींना दोन्ही दिवे सारखेच मातकट दिसत. डोळे तपासणाऱ्याने त्यांना उभ्या उभ्या घरी पाठवलं. समुद्र संपला. उरलं ते बंदराच्या तोंडापर्यंतचं पाणी. तिथे बोट न्यायची, हळूहळू सगळ्या दिशांना फिरवायची, सूर्याशी नाहीतर किनाऱ्यावरच्या खुणांशी सुई ताडून पाहायची आणि परत यायचं. तेवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं, आणि कुरकुर न करता काढलं. बायकोच्या कपड्यांचं कौतुक करताना रंगाचं नाव घ्यायचं नाही, एवढंही ते लग्नानंतर लवकरच शिकले.

आमचे हे गेल्यावर मी दिरांच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आले, त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे. घरी माणूस गरीब गाय. बोटीवर पाय पडला की जमदग्नी. होकायंत्राजवळ यायचं तर किल्ल्या, चाकू, घड्याळ, सगळं काढून ठेवायचं. एकदा त्यांनी बंदर अधिकाऱ्याचा चष्मा काढायला लावला, त्याची काडी लोखंडाची आहे म्हणून. साहेब आंधळ्यासारखे चाचपडत उतरले.

मासेमारीच्या एका बोटीचा तांडेल, म्हणजे तिचा मुख्य, फार मोठ्या आवाजाचा होता. सगळे त्याला भोंगा म्हणत. धुक्यात त्याच्या बोटीला वेगळा भोंगा वाजवावा लागत नाही, असं म्हणायचे. तो होकायंत्राशेजारी चहाची किटली ठेवतो हे भाऊजींनी पाहिलं आणि भर धक्क्यावर त्याची खरडपट्टी काढली.

"तुझ्या बोटीवर माणसं आहेत ना रे? की नुसते मासेच?"

"मास्तर, किटलीने काय बोट बुडते?"

"किटलीने नाही बुडत. किटली ठेवणाऱ्याने बुडते!"

धक्काभर हशा पिकला. भोंग्याने ते मनात ठेवलं.

पुढे भाऊजींची पाठ धरली. होकायंत्रावर ओणवं राहून दिवस काढायचे, पाठ किती सोसणार? पण बंदराचा परवाना दरवर्षी डॉक्टर तपासून मिळायचा, आणि पाठदुखी लागली म्हटलं तर तो मिळाला नसता. परवाना गेला की बंदराच्या तोंडापर्यंतचं ते पाणीही गेलं. म्हणून हा गृहस्थ कण्हायचंसुद्धा न्हाणीघराचं दार लावून. आमच्या जाऊबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटायचं वय झालंय. मला वाटायचं आळस वाढलाय. मग एकाएकी ते ताठ चालायला लागले. आम्ही दोघी खूश.

एका दुपारी मी खाली बसून शिवायच्या पोलक्याच्या गळ्याला टाचण्या लावत होते आणि टाचण्यांची डबी हातून सांडली. भाऊजी वेचायला वाकले. पाहते तर काय, टाचण्या जमिनीवरून उडून त्यांच्या पोटाला जाऊन चिकटल्या! सदऱ्यावर नुसतं साळिंदर उभं राहिलं.

मी इतकी हसले की मला ठसका लागला. "भाऊजी, हे काय गिळलंत?"

जाऊबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो, सदरा वर करा बघू."

आत चार बोटं रुंद पट्टा होता. लोहचुंबकाचा. पाठदुखीवर रामबाण म्हणून विकतात ना, त्यातला. बाजारात कुणीतरी गळ्यात मारला होता, आणि ज्या माणसाने साहेबांच्या चष्म्याची काडी सोडली नाही, तो स्वतः कमरेला ओळीने लोहचुंबक बांधून बोटीबोटींवर हिंडत होता.

"बरं वाटायचं हो," एवढंच ते म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा उतरला. मी अजून हसतच होते. मला कळायला थोडा वेळ लागला.

"तीन बोटी," ते म्हणाले. "पट्टा बांधल्यापासून तीन बोटी केल्या. तिन्हींना एक एक कांडी जास्त लागली. मला वाटलं, ही नवी इंजिनंच तसली."

मी पदार्थविज्ञान शिकलेली आहे, त्यामुळे पुढचं सांगावं लागलं नाही. ते नेहमी खांबाच्या मागे एकाच जागी उभे राहत. म्हणजे पट्टाही एकाच जागी. बोटीच्या लोखंडात त्यांनी आपल्या कमरेचाही हिशेब धरला होता. ते उतरले, पट्टा त्यांच्याबरोबर उतरला, आणि त्याला उतारा म्हणून घातलेली कांडी तेवढी बोटीत राहिली. आता ती एकटीच सुईला ओढत होती. टेबलावर त्यांचं लहान होकायंत्र होतं. पट्टा काढून त्यांनी हातभर अंतरावर धरला. सुई गर्रकन फिरली. त्यांनी पट्टा खाली ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

दोन बोटी बंदरातच होत्या. तिसरी भोंग्याची. ती कालच खोल समुद्रात गेली होती, आणि आज सूर्य बुडाल्यावर धुकं पडेल असं हवामानाच्या बातम्यांत सांगितलं होतं. त्या काळी लहान बोटींवर उपग्रहाकडून जागा कळण्याची सोय नव्हती. धुक्यात होकायंत्र हेच काय ते डोळे, आणि आमच्या बंदराच्या तोंडाशी डाव्या हाताला खडक.

जाऊबाईंनी आधी दार लावून घेतलं. "मी काय म्हणते, इथल्या दोन बोटी उद्या हळूच नीट करून या. काहीतरी निमित्त सांगा. तिसरी आली की तिचीही करा. दर वेळी येतेच ना परत?"

"दर वेळी येते ती माझ्या तक्त्यावर येते," भाऊजी म्हणाले.

"पण सगळ्यांना सांगायलाच हवं का? पट्ट्याचं? अहो, परवाना जाईल. तोंड दाखवायला जागा राहील का?"

भाऊजींनी खुर्चीकडे पाहिलं. मला वाटलं, बसतात आता. खरंच बसले असते तर काय, हे मला आजही सांगता येणार नाही. बाई चुकीचं बोलत होती, पण वाईट हेतूने नाही. नवऱ्याच्या जिवातलं काय जाणार आहे ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "अगं, चपला दे. मला वाकता येत नाही."

पट्ट्यावाचून त्यांचं चालणं म्हणजे काटकोन. मी टॅक्सी बोलावली आणि बरोबर गेले.

बंदराच्या वायरलेसच्या खोलीत तेच ते चष्म्याचे साहेब होते. भाऊजींनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी बंदरातल्या दोन्ही बोटी थांबवायला माणूस पाठवला आणि ध्वनिक्षेपक पुढे सरकवला. "मास्तर, हे सगळ्या बोटींना ऐकू जातं, बरं का."

"जाऊ दे."

भोंग्याचा आवाज आला, तो वायरलेसशिवायही आला असता. "बोला, ओव्हर."

"मी सुईमास्तर. तुझं होकायंत्र चुकीचं आहे. चूक माझी आहे. पाठीसाठी कमरेला लोहचुंबकाचा पट्टा बांधला होता, तो अंगावर ठेवूनच मी तुझी सुई जुळवली. ओव्हर."

नुसती खरखर. मग तिसऱ्याच कुठल्यातरी बोटीवरून कुणी विचारलं, "मास्तर, गुण येतो का हो पट्ट्याने? आमच्या सासऱ्यांना हवाय." कुणीतरी खदाखदा हसलं. साहेबांनी दटावून सगळ्यांना गप्प केलं.

"माझ्या बोटीवर सहा माणसं आहेत, मास्तर," भोंगा म्हणाला. तो हसत नव्हता. "आता मी कुणाचं ऐकू? सुईचं की तुमचं?"

"दोघांचंही नको. सूर्याचं ऐक. दिसतोय ना अजून?"

"दिसतोय. खाली धूसर व्हायला लागलंय."

"मग सूर्य पाठीशी घे. डोलकाठीची सावली बरोबर मधोमध, पुढच्या टोकाला नाळेवर पडली पाहिजे. तशीच धरून ठेव."

साहेबांनी जहाजांसाठीचं पंचांग काढलं. या घटकेला सूर्य नेमका कुठल्या दिशेला, ते त्यात असतं. भाऊजींनी ते टेबलाला रेलून, उभ्यानेच पाहिलं, कारण बसले असते तर परत उठता आलं नसतं. सावली मधोमध असेल तर नाळ सत्तर अंशांवर हवी, असं त्यांनी काढलं, आणि घरचा रस्ताही जवळपास तोच होता.

"सावली नाळेवर आली. ओव्हर."

"होकायंत्र काय सांगतं?"

"एकोणऐंशी... ऐंशीच धरा."

साहेबांनी हळूच भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. त्या सुईवर भरवसा ठेवून भोंगा धुक्यातून आला असता, तर सत्तर समजून साठवर चालला असता, म्हणजे डावीकडे, खडकांत.

"आता खांबाचं खालचं दार उघड," भाऊजी म्हणाले.

"त्याला तुमचं सील आहे."

"फोड."

त्या सिलाला कुणी हात लावला तर ते वर्ष वर्ष बोलत नसत. "खालच्या कप्प्यात उजवीकडे सगळ्यात शेवटची कांडी. एकच. ओढून काढ आणि दूर नेऊन टाक. मग परत सावली मधोमध आण आणि वाच."

किती वेळ गेला मी पाहिलं नाही. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते.

"सुई डुलतेय... बहात्तर. थांबा. एकाहत्तर. सत्तर-एकाहत्तरच्या मध्ये आहे. ओव्हर."

"तसाच ये," भाऊजी म्हणाले. "आणि बंदर जवळ आलं की दोरीला बांधलेलं शिसं सोडून पाण्याची खोली मोजत ये. माझ्यावर विसंबू नकोस."

धुकं पडलं, आणि त्यातून बोट आली. भोंगा धक्क्याला लागल्याचं साहेबांनी सांगितल्यावरच भाऊजी तिथून हलले. हलण्याआधी त्यांनी खिशातला परवाना काढून टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "उद्या दिलात तरी चालेल." भाऊजी म्हणाले, "उद्या द्यायला जीव होणार नाही."

घरी जाऊबाईंनी पाठ शेकली आणि एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा घरी आला. चपला दारातच फेकल्या, चहा घेणार नाही म्हणाला आणि मग घेतला.

"मी रागावलोय, मास्तर. आधीच सांगतो."

"रागाव."

"किटलीवरून मला चारचौघांत बोललात. आणि स्वतः?"

"हो."

"कांडी मी समुद्रात फेकली."

"अरे, चांगली होती ती!" भाऊजी पटकन म्हणाले. जाऊबाईंना हसू आलं. त्या आत निघून गेल्या.

भोंग्याने कप खाली ठेवला. त्याच्याकडून एवढा खालचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "आता आमच्या सुया कोण जुळवणार?"

"पलीकडच्या बंदरातून माणूस येईल. शिकलेला आहे, तरुण आहे. पाठ धड आहे त्याची."

"तो चुकला तर सांगेल?"

भाऊजींनी नेहमीसारखं उत्तर तोंडावर फेकलं नाही. "मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "मीही काल चपला मागेपर्यंत स्वतःला ओळखत नव्हतो. तू पहिल्याच दिवशी त्याला विचार. सगळ्यांदेखत विचार. रागावला तर रागावू दे."

"विचारतो," भोंगा म्हणाला आणि आत जाऊबाईंना हाक मारून आणखी चहा मागितला.