बाटल्या धुणाऱ्या अक्का

अक्का प्रयोगशाळेत शिरण्याआधी घड्याळ, केसांच्या पिना, पदराची सेफ्टी पिनसुद्धा काढून पर्समध्ये ठेवायच्या. लोखंड मिळेनासं झालं की बुरशी कशी जगते, हा आमचा अभ्यास. बाटल्यांत लोखंडाचा अंशही चालत नसे. त्या बाटल्या आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं हे अक्कांचं काम. वीस वर्षं, कंत्राटावरच.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. मी पुण्याहून पीएचडीला आलो, तेव्हा विषय खरा समजावला तो त्यांनी. "बुरशी शहाणी असते रे. लोखंड कमी पडलं की ज्या कामांना ते जास्त लागतं, ती आधी मंद करते. उरलेलं जिवापुरतं राखते. आणि बाहेर कुठे असेल ते ओढून आणायला रसायन सोडते."

चौथ्या वर्षी माझी एक बुरशी लोखंडाशिवाय दणकून वाढली. सर खूश. शोधनिबंध पाठवायच्या आदल्या दिवशी अक्का माझ्या टेबलाशी आल्या.

"स्वल्प ऐक. मी तापाने घरी होते ना, त्या आठवड्यात कुणीतरी बाटल्या नुसत्या नळाखाली धुतल्यात. तुझ्या त्यातल्याच."

"हे आत्ता सांगताय?"

"मला आजच कळलं. धुण्याची नोंदवही बघताना."

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या रोज माझ्या बाटल्या धुऊन ठेवत राहिल्या. पुन्हा केलेल्या प्रयोगात माझी बुरशी चारचौघींसारखीच उपाशी निघाली. हाती लागलं ते लहानसं, पण खरं होतं. त्याला आणखी दीड वर्ष गेलं. तोवर प्रकल्पाचा निधी संपला आणि अक्कांचं कंत्राटही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला धुणं शिकवलं. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलवटली होती. इतकी वर्षं मी ती पाहिलीच नव्हती.

निबंधात त्यांचं नाव घालू का, असं मी सरांना एकदा विचारलं. "बाटल्या धुणाऱ्यांची नावं घालत नाहीत," ते म्हणाले. मी दमलो होतो. वाद घातला नाही.

छापील प्रत घेऊन मेट्रोने चिकपेटला अक्कांच्या घरी गेलो. अक्कांनी चष्मा लावला, नावांची ओळ वाचली. बोट ठेवून परत वाचली.

"निकाल खरा आहे ना?"

"हो, अक्का."

"सरी, मग ठीक आहे," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.