कामाकुराची अनवाणी प्रदक्षिणा

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीतल्या आमच्या शेजारच्या काकूंना जगाच्या पाठीवर कुठेही सोडा, त्या उपाशी राहणार नाहीत आणि आसपासच्या कुणाला राहू देणार नाहीत. कोपऱ्यावरच्या पोस्टात जातानाही पर्समध्ये दशम्या, सेफ्टी पिना आणि टॉर्च. एकदा बस बंद पडली, तर वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना बेसनाचे लाडू वाटून ड्रायव्हरला इंजिनाबद्दल दोन सूचनाही करून आल्या.

पण काका असेपर्यंत गावाबाहेर त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या. काका गेल्यावर मिल्टन कीन्सला राहणारी लेक मागेच लागली, की घर विकून आमच्याकडे ये. "आई, तू एकटी कसं मॅनेज करणार?" हा तिचा रोजचा फोन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती ऑफिसच्या कामासाठी टोकियोला निघाली, तेव्हा आईला घरी एकटं ठेवायला नको म्हणून सोबत घेऊन गेली. परत आल्यावर घराला गिऱ्हाईक बघायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक मीटिंगला गेली आणि काकू चिठ्ठी ठेवून कामाकुराला. टोकियोपासून तासाभरावरचं, समुद्राकाठचं ते गाव. एकेकाळी देशाचा कारभार तिथून चालायचा. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर त्यांनी बुद्धाचं चित्र दाखवून हात जोडले, आणि काम झालं. तिथली बुद्धाची प्रचंड मूर्ती देवळाच्या उघड्या अंगणात आहे, तिथे सगळे बूट घालूनच फिरतात. काकूंनी मात्र सवयीने फाटकाशीच बूट-मोजे काढले आणि गार खडीवरून प्रदक्षिणा सुरू केली. बाई बूट विसरली असं वाटून तिथला म्हातारा रखवालदार ते हातात घेऊन मागून निघाला. काकूंना वाटलं, भाविक आहे बिचारा. त्याची दमछाक नको म्हणून त्या हळू चालू लागल्या. तो शिष्टाचाराचा, पुढे जाईना. अशा दोघांच्या तीन प्रदक्षिणा झाल्या. शेवटी त्याने वाकून बूट पुढे केले, काकूंनी वाकून लाडू दिला. मग समुद्रावर बसून एकटीने दशमी खाल्ली आणि पाचला हॉटेलवर हजर झाल्या.

लेक दारातच येरझाऱ्या घालत होती. काकूंनी आधी ती जेवली का ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "घर विकायचं नाही. मला झेपतं."

घर राहिलं. पुढे कितीतरी वर्षं काकू त्यात एकट्या, थाटात राहिल्या. येईल त्या पाहुण्याला मीच ही हकिगत सांगायचो, आणि सांगताना माझीच छाती फुगायची. काकू ऐकत बसायच्या. एकदा पाहुणे गेल्यावर काकांच्या फोटोकडे बघत हळूच म्हणाल्या, "यांना सांगायचं राहिलं रे."