नर्सबाईंची दारफळणी

शेगुलाबाई नवगावकरांकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले ते भवानीनगरच्या आठवडे बाजारात, मासळीच्या पाटीपुढे. उजनी धरणाच्या फुगवट्यातली मासळी घेऊन साखरबाई तिथे बसायची. मी तेव्हा साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत नुकतीच लागले होते आणि भाजी घेऊन घरी चालले होते. दवाखान्यातून परस्पर बाजारात आलेली एक नर्स उकिडवी बसून एकेका माशावर शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवून बघत होती. साखरबाईने शिंगाळा पुढे सारला. काटा कमी, पोरीला चारायला बरा, म्हणाली. बाईंनी तो हलकेच बाजूला केला.

"ज्याला खवला नाही, तो आमच्यात चालत नाही गं."

"आन् तुमच्यात म्हंजी कुनात?"

"तुझ्यासारखीच माणसं. फक्त मासा निवडून खाणारी," असे म्हणून त्यांनी दोन रोहू पिशवीत टाकले.

उत्तर देऊनही न दिल्यासारखे करण्याची ही त्यांची रीत मला पुढे चांगली ओळखीची झाली. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. माहेर-सासर दोन्ही अलिबागकडचे. यजमान सॅम्युएल कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि बाई कारखान्याच्या दवाखान्यात. कॉलनीतली निम्मी पोरे त्यांच्या हातावर जन्मली. त्या पोरांच्या आयांना त्यांचे आडनाव ठाऊक नव्हते, धर्म ठाऊक नव्हता. त्या सगळ्यांच्या नर्सबाई होत्या.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटले, तेव्हा नवगावकरांनी मागच्या गल्लीत दोन खोल्या बांधल्या. आमचे घर त्याच गल्लीत. सॅम्युएलराव गेले, त्यांना पुण्याच्या ज्यू दफनभूमीत ठेवले. मुलगी लीया लग्न होऊन ठाण्याला गेली. बाई एकट्या राहिल्या, पण एकट्या अशा कधी दिसल्या नाहीत, कारण त्यांचे दार दिवसभर उघडे असे. दुपारी भांडी घासून झाली की बायका त्यांच्या कट्ट्यावर जमत. कुणी रक्तदाब बघून घेई, कुणी लसूण सोलायला घेऊन येई, आणि सगळ्या मिळून घरोघरच्या सासवांची हजेरी घेत. बाई स्वतः फार बोलत नसत. दारात पाट टाकून बसत आणि ऐकत.

वर्षातून एक दिवस मात्र ते दार बंद असे. त्यांच्या मोठ्या उपासाच्या सणाला कोकणातले जुने लोक दारफळणी म्हणत. त्या दिवशी दार लावून घ्यायचे, अन्नपाणी वर्ज्य, पांढरी वस्त्रे नेसून देवापुढे वर्षाचा हिशेब द्यायचा, आणि तारे दिसेपर्यंत बाहेरच्या कुणाशी बोलायचे नाही. आदल्या दिवशी त्या शेजारच्या छबूबाईला सांगून ठेवत आणि छबूबाई गल्लीला सांगे. त्या दिवशी पोरांना क्रिकेट खेळायला पलीकडच्या मैदानावर हाकलत असू. दुसऱ्या दिवशी बाई गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध आटवून हलवा करत आणि सगळ्यांना वाटत. चीक आम्ही कुरडयांसाठी काढतो. त्याचा हलवा होतो हे छबूबाईला बाईंनीच शिकवले.

गेल्या काही वर्षांत परदेशातल्या सिनेगॉगांवर, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळांवर, हल्ले झाल्याच्या बातम्या टीव्हीवर येऊ लागल्या. पुण्याच्या लाल देवळापुढे, म्हणजे तिथल्या सिनेगॉगपुढे, पोलीस बसतात हे आम्ही बघितले होते. पण एके दिवशी आमच्या गल्लीत मोटरसायकल थांबली आणि अविराज नावाचा तरुण शिपाई उतरला. कऱ्हाटीचा, शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला लाजाळू. वरून आदेश होता की जिथे जिथे ज्यू लोक राहतात तिथे लक्ष ठेवायचे. तालुक्यात असे घर एकच निघाले होते. त्याने फाटकाच्या खांबाला क्यूआर कोडचा एक चौकोनी स्टिकर चिकटवला. रोज येऊन तो मोबाईलने टिपायचा आणि बाईंचा दारात उभा फोटो काढून साहेबांच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे भेट झाली असे धरले जाई.

बाईंनी त्याला पहिल्या दिवशी चहा दिला, आणि पुढे रोजच. पोरगा गुणी होता. पण वर्दीतला माणूस कट्ट्यावर बसून बशीतून चहा पितो आहे, म्हटल्यावर तिथे सासूविषयी कोण बोलणार? त्यात त्याची यायची वेळ ठरलेली नसे. एकेक करून बायकांनी लसूण घरीच सोलायला सुरुवात केली. शिवाय नवा प्रश्न गल्लीत फिरू लागला: नर्सबाईंना पोलीस कशाला? कुणी म्हणाले, मुलीचे काही प्रकरण असेल. कुणाची सून म्हणाली, उद्या तिथे काही झाले तर आपली पोरे मधे सापडायची. यात कुणाच्या मनात वाईट नव्हते. तरी कट्टा ओस पडला.

लीया दर रविवारी फोन करून आईला ठाण्याला बोलावत होती, ते तर आधीपासूनच. आता तिला कारण मिळाले. सरकारच म्हणतेय धोका आहे, मग तू तिथे एकटी का? बाई म्हणत, "ज्या दिवशी मला इथं भीती वाटेल, त्या दिवशी येईन."

पावसाळा सरता सरता त्या मला घेऊन पोलीस स्टेशनला गेल्या. साहेब भले होते, उठून खुर्ची दिली. बाईंनी पोलीस काढून घ्यायची विनंती केली. साहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मावशी, काही झालं नाही तर तुम्ही मला नावं ठेवाल. झालं तर मी स्वतःला ठेवीन. तुम्हीच सांगा, काय करू?" बाई नमस्कार करून उठल्या. परत येताना एसटीत त्या खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिल्या. भवानीनगरचा थांबा जवळ आल्यावर म्हणाल्या, "तो आपल्या जागी बरोबर आहे. पण बाई, माझं दार उघडं असून लावल्यासारखं झालंय."

मग त्या वर्षीची दारफळणी आली. गळीत हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे कारखान्याचा आवाज नव्हता. दुपारी अविराज आला. नेहमीसारखा कट्टा चढला आणि कडी वाजवायला हात उचलला, तोच छबूबाई ओरडत आली, मागोमाग मीही आले.

"ए बाबा, हात खाली कर. आज वाजवायचं न्हाय."

"मावशी, मला फोटू टाकायचाय. सायबांचा दोनदा फोन आलाय."

"मग माझा काढ."

"तुमचा काढून काय करू?"

"का, मी वंगाळ दिसती व्हय?"

तो हसला नाही. त्याने मोबाईल आमच्यापुढे धरला. परदेशात कुठेतरी याच सणाच्या दिवशी सिनेगॉगवर हल्ला झाल्याची बातमी होती. वरून सूचना आली होती की आज कसूर नको, प्रत्येकाला समक्ष बघा. बाईंचा फोन बंद, खिडक्या बंद.

"आत काय झालं आसलं, तर म्या वर काय सांगू?" तो म्हणाला.

छबूबाईचा चेहराही उतरला. दार तर वाजवायचे नव्हते. शेवटी आम्ही तिघे बोळातून घराच्या मागे गेलो, मोरीच्या भिंतीशी. तिथे उभे राहिल्यावर आवाज ऐकू आला. बाई प्रार्थना म्हणत होत्या. मी त्यांना इतकी वर्षे ओळखत होते, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बारीक, सुरात, जुनी भाषा. अविराजने मोठा श्वास सोडला.

मग आवाज थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितले. तो पुन्हा सुरू झाला, एक कडवे झाले, आणि पुन्हा थांबला. दम लागल्यासारखे नव्हे. फोनवर आपण पलीकडच्याचे बोलणे ऐकायला थांबतो, तसे. मग पुन्हा पुढे.

"कुनाची वाट बघतीया ती?" छबूबाई हळूच म्हणाली.

अविराजने बोळाच्या तोंडाशी जाऊन साहेबांना फोन केला की भेट झाली नाही, पण आवाज ऐकला, बाई ठीक आहेत. साहेबांनी दार उघडेपर्यंत तिथेच थांबायला सांगितले. मी त्याला खुर्ची दिली. पोलीस हलत नाही बघून बायका चौकशीला आल्या, आणि आलेल्या कट्ट्यावरच बसल्या. बऱ्याच दिवसांनी तो कट्टा भरला होता आणि कुणी एक शब्द बोलत नव्हते.

तारे दिसू लागल्यावर कडी वाजली. पांढऱ्या साडीत, चेहरा सुकलेला, बाई दारात उभ्या राहिल्या आणि एवढी माणसे बघून गोंधळल्या. अविराजने फोटो काढला. छबूबाईने सरबताचा पेला त्यांच्या हातात दिला आणि त्यांचे दोन घोट होताच विचारले, की म्हणता म्हणता मधेच का थांबत होतात.

आम्ही ऐकले हे बाईंना कळले. जराशा लाजल्या. मग म्हणाल्या, "तिथं बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं. अलिबागला आम्ही लहानपणी सगळे मिळून म्हणायचो. सवय आहे. ती जागा सोडून पुढं जाता येत नाही."

"मग सांगायचंत की. आमी म्हटलं आसतं भिताडाआडनं."

"तसं नाही गं. काही प्रार्थनांना दहा पुरुष लागतात."

"एवढंच व्हय? धा काय, कारखान्याचं फाटक उघडलं तर दोनशे आणून हुभं करीन."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग छबूबाईचा हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्यातले लागतात, छबू."

छबूबाईने मोकळ्या हाताने सरबताचा पेला पुन्हा त्यांच्या ओठांशी नेला.

दुसऱ्या दिवशी हलवा वाटून झाल्यावर बाई माझ्याकडे येऊन बसल्या. लीयाला येते म्हणून कळवले, असे सांगितले. मला वाटले, अखेर त्या बातमीने घाबरल्या. तसे विचारलेही.

"भीती नाही हो. कालच्याइतकं निर्धास्त मला कधी वाटलं नाही. बाहेर तुम्ही सगळे बसला होतात." मग त्या म्हणाल्या, "सॅम्युएल होते तोवर ते म्हणायचे आमेन. ते गेल्यावर मी इतकी वर्षं थांबत आले. काल तुम्ही ऐकलंत म्हणून मलाही ऐकू आलं. आता उरलेल्या दिवसांत कुणीतरी उत्तर देणारं हवं वाटतंय. याचा राग धरू नका."

राग कसला धरायचा? दिवाळीनंतर लीया गाडी घेऊन आली. सामान थोडेच होते. चौकटीवरची देवाच्या वचनांची छोटी डबी काढताना बाईंनी तिला बोटे लावून ओठांशी नेली. येता-जाता नेहमी करत आल्या तसेच. अविराजने सामान उचलायला मदत केली. छबूबाई घराबाहेर आलीच नाही. गाडी निघाल्यावर मात्र वळणापर्यंत चालत गेली.

घर एका शिक्षक जोडप्याने भाड्याने घेतले आहे. माणसे चांगली आहेत, दोघेही दिवसभर शाळेत असतात. दुपारी चहा ठेवला की माझ्या हातून अजून बाईंच्या वाट्याचे एक कप पाणी जास्त पडते.

रविवारी बाईंचा फोन येतो. कुणाला मुलगा झाला, कुणाचा रक्तदाब वाढला, उसाला तोड आली का, हे सगळे त्या विचारतात. छबूबाईला त्या म्हणाल्या, की सिनेगॉगात बायका वर सज्जात बसतात आणि खालून आमेन आले की अंगावर काटा येतो; पण घरी आल्यावर लीयाच्या इमारतीत सगळ्यांची दारे बंद, आणि तिथे तर रोजच दारफळणी. छबूबाईने फोन माझ्याकडे दिला आणि पदराने नाक पुसत आत गेली.

शेगुलाबाई आता ठाण्याला लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. शनिवारी सकाळी चालत सिनेगॉगात जातात आणि गुडघा दुखतो म्हणून वाटेत एका दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसतात.