आईने होडी सोडली नाही

तलासरीजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. राहायला डहाणूला आहे आणि शनिवारी शाळा लवकर सुटली की एसटी पकडून झाईला आईकडे जाते. व्हिडिओ गेमशी माझा संबंध मधल्या सुट्टीत मुलांचे मोबाइल काढून घेण्यापुरताच होता. त्यामुळे कॉलेजातल्या मैत्रिणीने पुण्याहून फोन करून, आमच्या गेमसाठी संवाद लिहिशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी हसले.

ती आणि तिचा एक सहकारी, असे दोघेच मिळून गेम बनवत होते. गोष्ट आणि चित्रं तिची, कॉम्प्युटरचं सगळं काम त्याचं. किनाऱ्यावरच्या गावातली एक मुलगी, तिचा भाऊ मासेमारीला जातो आणि परत येत नाही, मग ती त्याला शोधत बेटाबेटांवर फिरते, अशी ती गोष्ट होती. मी मच्छीमारांच्या घरातली, म्हणून तिला माझी आठवण झाली. तोवर त्यांची पात्रं गाण्यातल्या कोळ्यांसारखी बोलत होती. मी सांगितलं, आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. झाईला खाडी ओलांडली की गुजरात, त्यामुळे बोलता बोलता गुजराती कधी येते ते कळतही नाही. आणि पहाटे होडीवर जाणारा माणूस तर मुळात बोलतच नाही.

पहिला प्रसंग मी मन लावून लिहिला. बहीण भावाला डबा द्यायला धक्क्यावर येते, तो होडीत चढतो, ती त्याला निरोप देते. पानभर संवाद झाले होते. मैत्रिणीने ते वाचले, छान आहेत म्हणाली आणि सगळे काढून टाकले. भावाच्या तोंडी एकच वाक्य ठेवलं: ‘दोरी सोड ना, पाणी उतरेल.’ आमच्या खाडीतून होड्या भरतीलाच निघतात, ओहोटी लागली की चिखलात बसतात, म्हणून ते वाक्य.

मला राग आला. तिला तो कळला असावा, कारण तिने शांतपणे समजावून सांगितलं.

“तू वाचणाऱ्यासाठी लिहितेस. इथे वाचणारा कुणी नाही, करणारा आहे. पुस्तकात दोरी लेखक सोडतो. इथे ज्याच्या हातात गेम आहे त्याने ती स्वतः सोडायची. मग भाऊ आला नाही की त्याला वाटतं, सोडली तर मीच होती. हे मला बोलून दाखवायचं नाहीये.”

मला तेव्हा ते पुरतं पटलं नव्हतं. पण आठवड्यातून एकदा संध्याकाळी आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर बसू लागलो आणि हळूहळू मला त्या दोघांचं ऐकायची गोडी लागली. फोन कट्ट्यावर टेकवून मी भाजी चिरायची आणि ते भांडत असायचे. मुलीने किती वेगाने चालावं यावर ते एकदा तासभर बोलले. तो म्हणत होता, हळू चालली तर लोक कंटाळून गेम बंद करतील. ती म्हणत होती, सगळीकडे नाही, फक्त भाऊ आला नाही हे आईला सांगायला ती घरी जाते तेवढ्याच वाटेवर तिची चाल थोडी कमी करू. खेळणाऱ्याला कळणार नाही, पण त्याला ती वाट जड वाटेल. दुसऱ्या खेपेला गेममधल्या आईवरून वाद झाला. शेवटी ठरलं की आईने काहीच विचारायचं नाही, फक्त रोजच्या तीनऐवजी दोनच ताटं मांडायची. मी इतकी वर्षं मुलांना कथेचे घटक शिकवत आले, पण ताट कुठे ठेवायचं याचा असा विचार करणारी माणसं मी पहिल्यांदा पाहत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रीण म्हणाली, पहिला भाग तयार आहे, ज्याने आयुष्यात गेम खेळलेला नाही अशा कुणाला तरी खेळायला दे आणि नुसतं बघ, मदत करू नकोस. मला आईच आठवली.

आई सुकी मासळी विकते. वडील गेल्यापासून एकटीच राहते आणि तिचं चांगलं चाललंय. लॅपटॉप समोर ठेवून तिच्या हातात मी गेम खेळायचं ते दोन दांड्यांचं यंत्र दिलं तेव्हा हा कसला रिमोट म्हणून तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. सुरुवातीला गेममधली मुलगी भिंतींवर आपटत होती, एकदा विहिरीभोवतीच फिरत राहिली आणि आम्ही दोघी खूप हसलो. मग तिला जमलं. बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालायचं काम होतं, ते तिने आवडीने केलं. घरातून डबा घेतला. धक्क्यावर आली. भाऊ होडीत उभा होता. तो म्हणाला, “दोरी सोड ना, पाणी उतरेल.”

आई थांबली.

मला वाटलं तिला बटण सापडत नाहीये. मदत करायची नाही असं ठरलेलं असूनही मी सांगितलं की ते खालचं दाबलं की दोरी सुटते. कळलंय मला, असं ती म्हणाली. मग तिने मुलीला वळवलं आणि डबा घेऊन घरी परत नेलं. थोडा वेळ अंगणात फिरवलं, बोंबलांच्या दांड्यांपाशी उभं केलं आणि पुन्हा धक्क्यावर आणलं. भाऊ तिथेच होता. त्याच्याकडे एकच वाक्य होतं, तो ते पुन्हा म्हणाला.

“उतरू दे,” आई पडद्याकडे बघत म्हणाली.

तिने किती वेळ असं केलं मी मोजलं नाही. येणं, उभं राहणं, परत जाणं. शेवटी ते यंत्र हलकेच माझ्या मांडीवर ठेवून ती चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी मासे साफ करताना तिने आपणहून सांगितलं. माझा एक मामा माझ्या जन्माआधी समुद्रात गेला आणि परत आला नाही एवढं मला माहीत होतं. घरात त्याचा एक फोटो आहे, त्यात तो कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुणाकडे तरी बघून हसतोय. त्याच्याबद्दल याहून जास्त कुणी कधी बोललं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

“कणकण होती त्याला,” आई म्हणाली. “होडी निघायची होती, बाबा म्हणाले उठव, मी उठवलं. उठत नव्हता तर हलवून उठवलं. नसता उठवला तर झोपून राहिला असता, एवढंच.”

मी म्हटलं, यात तुझी काय चूक. हे सगळेच म्हणतात तसं मीही म्हटलं.

“माहीत आहे मला. माहीत असून काय होतं?”

मासे धुऊन झाले, तिने पाणी टाकलं, आम्ही आत आलो.

पुढच्या कॉलवर मी त्या दोघांना फक्त इतकंच सांगितलं की आईने दोरी सोडली नाही. सहकारी लगेच म्हणाला की बटण नीट दिसत नसेल, आपण ते चमकवू. मैत्रिणीने मात्र विचारलं की तेवढा वेळ त्या काय करत होत्या. मी सांगितलं. यामागे काहीतरी आहे हे तिने ओळखलं असावं, पण तिने विचारलं नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं.

त्या आठवड्यात मी आईला विचारलं, मामाची गोष्ट त्यांना सांगितली तर चालेल का. ती जरा विचार करून म्हणाली, सांग, त्याचं नाव मात्र घेऊ नकोस. मग मी सांगितली. सहकारी मूळचा नागपूरचा, समुद्र त्याने फक्त सहलीला पाहिलेला. सगळं ऐकून तो म्हणाला, “ताई, त्यांना आपण पुन्हा तिथे तसं उभं करायला नको.”

पण करायचं काय, यावर तीन-चार कॉल गेले. तो प्रसंगच गाळायला मैत्रीण तयार नव्हती. मी तिच्या जागी असते तर मीही नसते, कारण तिची सगळी गोष्ट त्या एका बटणावर उभी होती. दोरी दुसऱ्या कुणी सोडली तर पुढच्या शोधाला अर्थ काय राहिला, असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. तोडगा सहकाऱ्याने सुचवला. खेळणारा बराच वेळ दोरी सोडत नसेल तर भावाने होडीतून उतरावं, धक्क्यावर बसावं आणि डबा उघडून अर्धी भाकरी बहिणीला द्यावी. दोघांनी खावी. मग त्याने स्वतःच दोरी सोडून जावं.

“म्हणजे तिने काहीच केलेलं नसणार,” मैत्रीण म्हणाली.

“हो. तेच म्हणतोय मी.”

ती हो म्हणायला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबली. मग एक वेगळीच अडचण निघाली. भावाला बसता येत नव्हतं. गेममध्ये तो फक्त उभा राहायचा आणि हात हलवायचा, बाकी त्याला काही शिकवलेलंच नव्हतं. त्याला बसवायला, भाकरी मोडायला, चावायला शिकवण्यात त्या दोघांचे कितीतरी दिवस गेले. मैत्रीण मला त्याचे अर्धवट व्हिडिओ पाठवायची. एकात तो धक्क्याच्या आतच बसलेला होता, कमरेपर्यंत दगडात रुतून. ते बघून मला हसू आलं आणि मग वाटलं, माझ्या आईसाठी, तिला अनोळखी असलेली दोन माणसं इतके दिवस एका माणसाला बसायला शिकवतायत.

माझ्याकडे काम होतं एका वाक्याचं. दोरी सोडताना तो काय म्हणेल? मी पुष्कळ वाक्यं लिहिली. काळजी करू नको, येतो मी, आईला सांग. सगळी खोटी वाटत होती. शेवटी राहिलं ते एवढंच: ‘राहू दे. मीच सोडतो.’ मैत्रिणीने त्यातला एकही शब्द काढला नाही.

दिवाळीनंतर मी तो नवा भाग घेऊन झाईला गेले. आईला आधीच सांगितलं की तिथे थोडा बदल केलाय, नको असेल तर राहू दे. ती म्हणाली, बघू तरी. धक्क्यावर येऊन ती पहिल्यासारखीच उभी राहिली. भाऊ म्हणाला, पाणी उतरेल. ती हलली नाही. मग तो खाली उतरला, बसला, डबा उघडला. त्याने भाकरी मोडून पुढे केली तेव्हा आईने पदर तोंडाला लावला, पण ती रडत नव्हती. तो उठला, त्याचं वाक्य म्हणाला आणि दोरी सोडली. होडी पडद्याबाहेर जाईपर्यंत ती बघत राहिली.

“आता?” तिने विचारलं.

मी सांगितलं की आता मुलीने त्याला शोधायचं. आणि शेवटी होडी सापडते, तो सापडत नाही, हेही सांगून टाकलं. हे आधी सांगायचं नसतं, मैत्रीण ओरडली असती. पण आईला फसवणं मला जमलं नसतं.

“मग तू खेळ,” ती म्हणाली. “मी बघते.”

त्या दुपारी आणि पुढच्या दोन-तीन शनिवारी मी खेळले आणि ती शेजारी बसून बघत होती. तिकडे नको जाऊस, तिथे खडक आहे. त्या म्हातारीला परत विचार, ती काहीतरी लपवतेय. ती म्हातारी मी लिहिली होती आणि ती खरंच काहीतरी लपवत होती.

गेम बाहेर आला तेव्हा मुंबईत गेम बनवणाऱ्या लोकांचा एक मेळावा होता. मैत्रिणीला त्यात बोलायला बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. ती धक्क्यावरच्या प्रसंगाबद्दल बोलली. आईचा उल्लेख तिने केला नाही, एक बाई खेळली आणि तिने दोरी सोडली नाही, एवढंच म्हणाली. एका तरुण डिझायनरने विचारलं की बहुतेक लोक लगेच बटण दाबत असतील, म्हणजे हा भाग कुणी बघतच नसेल, मग एवढी मेहनत कशाला. मैत्रीण म्हणाली की सुरुवातीला मीही हेच विचारत होते, आणि आताही प्रत्येक वेळी असं करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या बाईंना मी एकदा भेटलेय, त्यांनी मला जेवायला घातलंय. सभागृहात थोडं हसू उमटलं. ते खरं होतं. ती झाईला येऊन गेली होती, आईने तिला बोंबलाचं कालवण वाढलं होतं, आणि गेमबद्दल दोघी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

आई आता मामाबद्दल बोलते. ठरवून नाही, मध्येच कधीतरी. त्याला पोहता फार चांगलं यायचं पण विहिरीत उतरायला तो घाबरायचा. तो जेवताना गुणगुणायचा म्हणून आजी चिडायची. परवा तिने सांगितलं की एकदा तो खाडीपलीकडे उंबरगावला सिनेमा बघायला गेला आणि येताना दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून आला, एक काळी, एक तपकिरी. त्या जोडीवरच त्याने पूर्ण पावसाळा काढला. सांगता सांगता ती स्वतःच हसायला लागली आणि तिला गोष्ट पुरी करता येईना.