सईच्या यंत्राला झेंडूचं फूल

मंडळी, आज दसरा. सकाळपासून माझ्या लेकीचा मोबाइल पूजेच्या पाटावर आहे आणि तो उचलायची कोणाची हिंमत नाही.

कोयता, विळा, माझं शिलाई मशीन पुजून झाल्यावर माझे सासरे, आप्पा, तिला म्हणाले, "सई, तुजं अवजार कुटं हाय?"

सई समुद्राचा अभ्यास करते. तिनं मोबाइलवरच्या नकाशात अरबी समुद्रातला एक ठिपका दाखवला: तिचं यंत्र. ते आपलं आपण खोल बुडतं, दहा दिवसांनी वर येतं आणि पाण्याचं तापमान उपग्रहाला कळवतं.

साठच्या दशकात आप्पा मुळशीतून जाऊन समुद्र मोजणाऱ्या बोटीवर खलाशी झाले होते. तारेला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडायचा, वर ओढायचा, पुसून पेटीत ठेवायचा. दसऱ्याला त्यालाही फूल वाहायचे.

"ह्याला घरी कोन आणतं?"

"कोणी नाही, आप्पा. बॅटरी संपली की ते तिथंच."

"येवढं राबवायचं आन् सोडून द्यायचं व्हय?"

त्यांनी ठिपक्यावर झेंडू ठेवला.

आत्ता संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आलं का वर?"

एरवी तासभर समजावत बसणारी सई एवढंच म्हणाली, "येईल, आप्पा."

आजच्या दिवस फूल तिथंच राहू द्यावं ना?