भिंतीपलीकडे टाकलेला उंदीर

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितले नाही. तुम्ही इतके दूर आहात — कदाचित म्हणूनच लिहवते आहे.

जुन्नरला प्लेग आला तेव्हा मी नवी सून होते. घरात मेलेला उंदीर सापडला तर कळवायचे, असा हुकूम होता. मग माणसे येत, कौले उतरवून आत ऊन पाडत, भिंतींना चुना फासत, आणि घरच्यांना गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत धाडत.

आमच्याकडे नणंदेचे लग्न तोंडावर आले होते. मांडवही पडला होता. त्या सकाळी चुलीमागे उंदीर दिसला. मी तो चिमट्याने उचलला आणि — कसे लिहू? — परसातल्या भिंतीवरून कंकूबाईंच्या अंगणात टाकला.

कंकूबाई म्हणजे शेजारच्या जैन व्यापाऱ्याची आई. त्या घरी जीव मारत नसत, सापळासुद्धा लावत नसत. "शेटजी उंदरं पोसत्यात, राव," असे म्हणून गल्ली आधीपासूनच हसे. तेव्हा शंका कुणावर जाणार? हे मला टाकताना सुचले नव्हते का? सुचले होते. म्हणूनच तिकडे टाकला.

कुणीतरी तो उंदीर पाहून कळवले आणि तपासणीचा साहेब कंकूबाईंच्या दारी आला. दुभाषा आजारी होता. माहेरी मिशनच्या शाळेत मी इंग्रजी शिकले होते म्हणून सासऱ्यांनी मला पुढे केले. आत कंकूबाईंची सून बाळंतीण होती. कंकूबाईंनी माझा हात धरला. "सांग बाई त्याला, उंदीर आमच्या घरातला न्हाई. कुणीतरी टाकलाय. लेकरू लई कवळं हाय, माळावर नगं न्यायला."

कुणीतरी टाकला — हे ऐकून साहेबाने आमच्या भिंतीकडे पाहिले असते तर?

मी त्याला इंग्रजीत सांगितले, उंदीर त्यांच्याच घरातला आहे असे त्या म्हणतात. बाळाचे नावही काढले नाही. त्याने मान हलवली, माणसे कौलांवर चढली.

नणंदेचे लग्न ठरल्या मुहूर्तावर लागले. माळावर माघातली थंडी होती. बाळ गेले — प्लेगने नव्हे, गारठ्याने.

परत आल्यावर कंकूबाई साऱ्या गल्लीला सांगत, "आमच्यासाठी हीच एकली साहेबाशी बोलली. त्यानं ऐकलं न्हाई, त्याला ती काय करंल?" डोळे मिटेपर्यंत सांगत राहिल्या. दर सणाला पहिले ताट माझ्याकडे येई. मी मान खाली घालून ते घेत असे. लोक म्हणत, शिकलेली असून किती विनयाची.